सातच्या भोंग्याची सुई

रविवार, २७ नोव्हेंबर १९५५. ठाकुर्ली.

एकदाचं बिऱ्हाड हललं. ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या माझ्या तराजूदुरुस्तीच्या दुकानामागं अकरा वर्षं एका खोलीत काढली. तिथं पाय लांब केले की बोटं मोरीत जायची. आता दोन खोल्या, पुढं पडवी, मागं विहीर आणि शेवग्याचं झाड. सकाळी सात वाजता शेजारच्या चोळे गावातल्या वीजघराचा भोंगा होतो. माझ्या घड्याळाशी ताडून पाहिला, अकरा सेकंदांचा फरक. भोंगाच चुकत असणार.

मालकीण कमळाबाई केणे भिंतीपलीकडं एकट्याच राहतात. यजमानांची खाडीकाठी मिठागरं होती, ते जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. एक पुतण्या कल्याणला असतो, तो दिवाळीला तोंड दाखवतो म्हणे. बाई साठीच्या, आगरी, बोलायला मोकळ्या. मला पहिल्या तासातच भाऊ म्हणू लागल्या आणि एकटा पुरुष भात कसा करपवतो याची नक्कल करून दाखवली. मी सांगितलं, माझा भात करपत नाही, तांदूळ आणि पाणी दोन्ही मी मोजून घेतो. त्यावर त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होत्या.

घरात एक बोका आहे. हिरव्या डोळ्यांवरून यजमानांनी त्याचं नाव पोपट ठेवलं. नऊ वर्षांचा आहे. मी पुस्तकं मांडत होतो तेव्हा येऊन माझ्या तराजूच्या पारड्यात बसला. आठ रत्तल बारा औंस. असं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं.

बुधवार, ३० नोव्हेंबर.

पोपटाचं काही बरं नाही. बाईंना वाटतं, वय झालं. मला तसं वाटत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, पण जे शिकलो ते डोळे उघडे ठेवून शिकलो. तीन गोष्टी टिपल्या. एक, दिवसातून आठ-नऊ वेळा पाणी पितो, विहिरीच्या बादलीत तोंड घालतो. दोन, मागचे पाय बोटांवर टाकत नाही, घोटे जमिनीला टेकवून बसल्यासारखा चालतो. तीन, त्याच्या वाळूच्या पाटीला मुंग्या लागतात. बाकी अंगणात मुंगी नाही.

मुंग्यांवरून मी काय ते ओळखलं. माणसाला होतं ते मांजराला का होऊ नये? बाईंना म्हटलं, उद्या टोपलीतून ठाण्याला नेतो. त्यांनी टोपलीत यजमानांचं जुनं धोतर घातलं.

शुक्रवार, २ डिसेंबर.

माझं निदान बरोबर निघालं. डॉ. चित्रे लष्करातून निवृत्त झालेले घोड्यांचे डॉक्टर आहेत, त्यांचा तराजू मीच दुरुस्त करतो. आधी हसले. मग पोपटाची लघवी निळ्या औषधात घालून काचनळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं तांबडं झालं. डॉक्टरांचं हसू गेलं. म्हणाले, पालव, साखर आहे, आणि भरपूर आहे.

उपाय इन्सुलिनचा. मांजराला त्यांनी स्वतः कधी दिलेलं नाही, परदेशी मासिकात वाचलं आहे एवढंच. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन-दोन युनिट, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून. आधी त्यानं पोटभर खाल्लेलं बघायचं, मगच सुई. सुई जास्त झाली किंवा पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली जाते. मग थरथर, लाळ, झटके. तेव्हा साखरेचं पाणी हिरड्यांना चोळायचं, पंधरा-वीस मिनिटांत फरक पडतो. नाही दिलं तर संपलं. आणि मला न विचारता मात्रा वाढवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर बाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जगंल ना, भाऊ? माझ्या घरान त्योच हाय आता."

मी म्हटलं, जगेल. जबाबदारी माझी.

रविवार, ४ डिसेंबर.

काम शिस्तीत लागलं. बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, मडकं विहिरीच्या सावलीला. सिरिंज आणि सुई दहा मिनिटं उकळायची. मासळी उकडून, काटे काढून, सोनाराच्या तराजूवर पाच तोळे. पोपट शहाणा आहे. पाटावर येऊन बसतो, मान खाली घालतो, सुई टोचली की एक डोळा मिटतो. झालं.

भिंतीवर तक्ता लावला आहे. तारीख, वेळ, वजन, खाणं, नळीतला रंग, युनिट. अक्षर छापल्यासारखं आलं आहे. कमळाबाई तक्त्यापुढं बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. यात काय लिहिलं ते सांगा म्हणाल्या, म्हणजे मी दुकानात असताना त्यांना लक्ष ठेवता येईल. मी म्हटलं, तुम्हाला समजून काय करायचंय, तुम्ही फक्त मधे हात घालू नका. दुखावल्या असतील. पण दोन हात एका तराजूला लागले की माप चुकतं.

शनिवार, १० डिसेंबर.

सहा दिवस झाले. नळीचा रंग तांबड्यावरून नारिंगीवर आला आणि तिथंच अडला. आठ रत्तल सात औंस. डॉक्टर म्हणाले होते पंधरा दिवस थांबा. पण त्यांची विद्या घोड्यांची, आणि आकडे रोज समोर दिसतात ते मला. मी वजनाचा हिशेब मांडला, माणसाची मात्रा त्याला भागून पाहिली. दोनात काही होणार नाही. एकेक युनिट वाढवत न्यायचं, रंग निळा येईपर्यंत. आज संध्याकाळपासून तीन.

आणखी एक बदल. पोपट खायला फार वेळ लावतो, मला सव्वासातला निघावं लागतं. म्हणून सातच्या भोंग्याला सुई आधी, आणि ताटली भरून पाटाजवळ. खाईल सावकाश. वेळ चुकता कामा नये, बाकी सगळं पुढंमागं चालतं.

बुधवार, १४ डिसेंबर.

कालपासून चार. आज रंग पिवळा! कमळाबाईंना नळी दाखवली, त्यांना कौतुक वाटलं. मग त्या काहीतरी सांगू लागल्या, उद्यापासून मार्गशीर्ष लागतो, गुरुवार आहे, तर घरात... मी सिरिंज पुसत होतो. म्हटलं, बाई, तुमचं देवाचं तुम्ही बघा, पोपटाचं माझ्यावर सोपवलंय ना? त्या पदर सावरून घरी गेल्या.

शुक्रवार, १६ डिसेंबर.

काल लिहवलं नाही.

काल गुरुवारी सात वाजता चार युनिट दिली, ताटली ठेवली, गेलो. संध्याकाळी आलो तर पलीकडं बाईंनी कलश मांडलेला, उदबत्ती लावलेली, पाच बायका कहाणी ऐकून उठत होत्या. पोपट कुठं विचारलं. म्हणाल्या, सकाळपासून निजलाय, उपास सोसत नसंल त्याला.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांच्या घरात मासळी चालत नाही. माझ्यामागं त्यांनी ताटली उचलली, धुऊन ठेवली. पोपट दरवर्षी त्यांच्याबरोबर गुरुवार धरतो, संध्याकाळी दुधावर सोडतो. काल हेच सांगायला आल्या होत्या.

माझ्या खाटेखाली होता. तोंडाला फेस वाळलेला, जीभ दातांत, पाय ताठ. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळलं. अर्धा तास चोळत होतो. थंडगार अंगावरून पाणी ओघळत होतं आणि बाई दिवा धरून उभ्या होत्या.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही ताटली उचललीत म्हणून गेला. तुम्ही मारलंत.

दोनाची चार मी केली होती, हे म्हटलं नाही. खाण्याआधी सुई द्यायची नव्हती, हेही नाही. इथं लिहून ठेवतो. माप खरं असावं.

बाई रडल्या नाहीत. जाऊन कलशावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ज्यान सुई घेतली त्याच्या तोंडान, तुमी बोलल्याबिगर मी काय नाय घालनार. हिची आन."

पोपटाला धोतरात गुंडाळून शेवग्याखाली पुरलं. पुरण्याआधी शेवटचं वजन केलं. आठ रत्तल सहा औंस.

शनिवार, १७ डिसेंबर.

सकाळी सातचा भोंगा झाला आणि पोपट पाटावर येऊन बसला.

जसं घडलं तसं लिहितो. मी चहा करत होतो. पाटावर तो, मान खाली, मानेमागची कातडी पुढं केलेली. वास नाही, माती नाही. मी हाक मारायच्या आत कमळाबाई दारात आल्या आणि मटकन खाली बसल्या. मग हसायला लागल्या. म्हणाल्या, मेला नव्हताच, गुंगीत होता, मातीतून उकरून आला बघा लबाड. मांडीवर घेऊन त्याला चाटायला दूध दिलं. नाही, आधी मला विचारलं, देऊ का. मी हो म्हटलं तेव्हा दिलं. त्यानं तोंड लावलं नाही.

त्या गेल्यावर शेवग्याखाली गेलो. माती मी दाबली होती तशीच. उकरली. धोतराची गाठ मी मारलेली, उलटी गाठ, माझीच. गाठोडं आणून पारड्यात ठेवलं. धोतर वजा जाता आठ रत्तल सहा औंस.

मग पाटावरच्याला उचललं. हाताला केस लागले, ऊब लागली. दुसऱ्या पारड्यात काही न घालता त्याला तराजूत ठेवलं.

दांडी हलली नाही. पारडं रिकामं असल्यासारखी सरळ राहिली. तो आत बसून माझ्याकडं बघत होता.

गाठोडं परत पुरलं. मग मला वाटलं, ही संधी असेल. या खेपेला नीट करावं. दोनच युनिट भरली, त्याच्या मानेला दिली. त्यानं एक डोळा मिटला.

सात वीसला, पडवीच्या पायऱ्या उतरताना, मला घाम फुटला. हात थरथरू लागले, आणि भूक अशी की वाटेतल्या वाण्याच्या दुकानात गुळाचा खडा उचलून तोंडात घातला. पंधरा मिनिटांत उतरलं.

रविवार, १८ डिसेंबर.

आज सुई दिली नाही. सिरिंज कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. भोंगा झाला. तो पाटावर बसला, मान खाली घातली, एक डोळा मिटला. मी समोर हाताची घडी घालून उभा होतो.

सात वीसला घाम. कालच्यापेक्षा जास्त.

गूळ खाऊन तक्त्यापाशी गेलो. आजच्या रकान्यात आकडा आहे. चार. अक्षर माझं.

सोमवार, १९ डिसेंबर.

बाटली विहिरीच्या दगडावर आपटून फोडली. संध्याकाळी सातलाही आलं. तक्त्यावर चार.

कमळाबाई पोपटाशी बोलत बसल्या होत्या, त्याला लाडानं चोर म्हणत होत्या. माझं तोंड पाहून विचारलं, भाऊ, काय होतंय. पित्त, म्हटलं. सांगायचं तर चारापासून सांगावं लागेल. त्यांना मी काय म्हटलं होतं तेही परत घ्यावं लागेल.

मंगळवार, २० डिसेंबर.

तक्ता फाडून चुलीत घातला. सातला भिंतीवर होता. आठ.

मी शिडी एकेकाची आखली होती.

आज गुळानं पुरेना. तीन खडे, वर मूठभर साखर. डावा पाय बराच वेळ सुन्न.

बुधवार, २१ डिसेंबर.

रात्री ठाकुर्लीला गेलोच नाही, दुकानात झोपलो. दाराला आतून अडसर. सकाळी इथं भोंगा ऐकू येत नाही, म्हणून निवांत होतो. घड्याळात सात झाले आणि गल्ल्याशेजारच्या मोठ्या तराजूत तो बसलेला होता. दांडी सरळ. मान खाली.

तडक डॉ. चित्र्यांकडं गेलो. मांजराचं काही बोललो नाही. अशक्तपणा येतो म्हटलं. त्यांनी माझी लघवी तपासली. नळी निळीच राहिली, स्वच्छ निळी. हा रंग बघायला मी दहा दिवस झुरलो होतो. मग सदरा काढायला लावून पाठ बघितली आणि दिवा जवळ घेतला.

मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध, सुईच्या खुणा आहेत. ओळीनं, सारख्या अंतरावर. त्यांनी मोजल्या. नऊ. माझा हात तिथवर पोचतो का ते मला करून दाखवायला सांगितलं. पोचत नाही.

"पालव," ते म्हणाले, "तुम्हाला सुई कोण देतं?"

मी सदरा घातला. म्हटलं, डास असतील. ते थांबा म्हणाले, इथंच राहा दोन दिवस म्हणाले. मी पायऱ्या उतरलो. माझ्या चुकीचा पाढा घोड्यांच्या डॉक्टरापुढं म्हणायचा? नाही जमलं.

गुरुवार, २२ डिसेंबर.

सोळा.

खिशात खडीसाखर होती म्हणून वाचलो. शुद्ध गेली होती थोडा वेळ. पडवीत पडलो होतो. कमळाबाई शेजारी बसल्या होत्या, हातात दूध होतं. दिलं नव्हतं. म्हणाल्या, तुमचं अंग पोपटावानी थरथरत व्हतं, सुई घेतली काय तुमीपन? मना आन हाय, म्हनून नाय दिलं.

मी नाही म्हटलं. कशाची सुई, म्हटलं.

शुक्रवार, २३ डिसेंबर.

सोळा. चवड्यांवर उभं राहता येत नाही. टाचा, घोटे टेकून चालतो. कमळाबाई बघतात.

आज पूर्ण दिवस खात होतो. भात, साखर, केळी, परत भात. भरत नाही. वजन केलं, ते लिहीत नाही.

शनिवार, २४ डिसेंबर. सकाळ.

बत्तीस. पाऊण तास— काय झालं माहीत नाही. उठलो तेव्हा तोंडात साखर आणि माती. तो खाटेवर, पायथ्याशी. खाटेचा सुंभ त्याच्याखाली दबलेला. आज त्याला वजन आहे.

संध्याकाळ.

सातची बत्तीस कशीबशी निभावली. दुपटीनं उद्या चौसष्ट. एकट्याला साखरेच्या डब्यापर्यंत पोचता येणार नाही. सांगितलंच पाहिजे. सगळं. चार मी केली, बाई, ताटलीचा दोष नव्हता. आन मोडा, मला द्या, विचारू नका. पाठ करून गेलो.

त्या पोपटाचं डोकं मांडीवर घेऊन पिसवा निवडत बसल्या होत्या. चार वर्षांत एवढा आनंद बघितला नाही म्हणाल्या, तुमच्या हातानं वाचला हा. हात जोडले मला.

तोंडातून निघालं नाही. एवढंच म्हटलं, उद्या सातच्या आधी साखरेचं पाणी, तांब्याभर, घेऊन माझ्याकडं या. कुणाला, ते नाही सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

येतील. आल्या की सांगेन. सकाळी जीभ चालते आहे तोवर सांगेन.

रविवार, २५ डिसेंबर.

सहा पन्नास. वही मांडीवर. भिंतीला टेकून बसलो. बाई अजून—

भोंगा. लवकर झाला. अकरा सेकंद. भोंगा नाही, माझं घड्याळ—

पाटावर तो. डोळा मिटला.

पाठीत. कळलं या वेळी. थंड जातं आत.

बाई आल्या. तांब्या आहे. सांगतो आता. चार— चार मी— जबडा बसला आहे. आवाज नुसता— हात चालतो. उजवा.

विचारतात. "भाऊ, कोनाला देऊ? पोपटाला?"

मान हलत नाही. हलते ती थरथर. त्या थांबल्या आहेत. मी बोलेन म्हणून थांबल्या आहेत. आन—

परत विचारलं. रडवेल्या झाल्या. सांगा ना, भाऊ. तुमी सांगितल्याबिगर मी—

लिहून दाखवतो. मोठं.

मला

वही वर धरली. बघितलं त्यांनी. बोट ठेवलं अक्षरावर. माझ्याकडं बघतात.

"मना कुठं वाचता येतं, भाऊ?"

परत लिहितो. बोट माझ्याकडं— हात वळत नाही— तांब्या हातभर— वास येतो साखरेचा— खाली ठेवू नका बाई— उठू न—

मला

मला द्य